आसावरिया

धामणकरांच्या जगतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये कोणी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला एक जीव दाखवला जाई.

जिवंत नव्हे हो, फोटोतला. देवघराच्या शेजारी, गणपतीच्या तसबिरीपेक्षा चांगली वीतभर मोठी काळी चौकट होती आणि तिच्यात करड्या दगडावर पांढऱ्या रेघांची उभी-आडवी जाळी. जाळीच्या मधोमध एक चांदणी. तीही धड नाही: एक पाय लांब, एक आखूड, मध्ये गाठ मारल्यासारखा गोळा. पंढरीनाथ धामणकर म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी. मूळचे मिरजेचे, पण बदलीवर जयपूरला आले ते इथेच मुरले. ते खिशातलं पेन काढून चांदणीवर टेकवत आणि म्हणत, "हा शंभर कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. समुद्रात पोहायचा. आमच्या आसावरीने पकडला."

"बाबा, प्राणी नाहीये तो," आतून आसावरी ओरडे. "आणि पोहत नव्हता!"

"तेच ते," बाबा पाहुण्याला हळूच सांगत. "संशोधक मंडळी. नम्र असतात."

बाबांना हसू नका. त्यांची इतकी वर्षं फार कुचंबणा झाली होती. एकुलती एक मुलगी पीएचडी करते खरी, पण कशात? 'चुनखडक साचल्यानंतर त्यात झालेले बदल आणि त्यांचा समस्थानिकांच्या आधारे अभ्यास.' मिरजेच्या बहिणीला हे फोनवर सांगताना बाबांना ठसका लागायचा. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "तुमची काय करते हो?", तर बाबा "दगडांचं काहीतरी करते" म्हणून थेट जयपूरच्या उन्हाळ्यावर घसरायचे. मुलीचा अभिमान तर पोटभर होता, पण दाखवायला हातात काही नाही, अशी गत. तो फोटो आला आणि बाबांना जिभेवर सरस्वती बसल्यासारखं झालं. ती थोडं चुकीचं बोलत होती, एवढंच.

समस्थानिक हे प्रकरण तसं अवघड नाही, नुसत्या नावाने दचकवतं. कार्बनची दोन भावंडं धरा. एक हलकं, दुसरं अंगाने जरासं भारी. समुद्रात साचलेल्या चुनखडकात ही दोघं समुद्राच्या प्रमाणात असतात. पण सजीव म्हणजे आळशी जात. झाड असो नाहीतर जंतू, तो हलक्यालाच आधी उचलतो. त्यामुळे जिथे काही जगलं, मेलं, कुजलं, तिथे हलक्याची गर्दी. पुढे कधी त्या कुजक्या मातीतून पाणी झिरपलं, दगडाला लागलं, दगड थोडा विरघळून पुन्हा घट्ट झाला, की नव्या भागात हा हलका कार्बन जाऊन बसतो. दगड तोंडातून ब्र काढत नाही, पण त्याच्यातला कार्बन चाळीतल्या बायकांसारखा सगळं सांगून टाकतो. ऑक्सिजनचीही अशीच भावंडं असतात, आणि ती सांगतात पाण्याची हकीकत: पावसाचं होतं, समुद्राचं होतं की उन्हात आटलेलं. चिमूटभर चूर्ण घ्यायचं, त्यावर आम्ल टाकायचं, निघालेला वायू यंत्रात सोडायचा आणि आकड्याची वाट बघायची.

आसावरीचा तो करडा दगड चित्तोडच्या बाजूच्या एका बंद खाणीतला. थरावरून अलगद सुटलेला, पाटासारखा सपाट, दोन्ही हातांनी उचलावा इतका. होळीच्या सुमाराला प्रयोगशाळेची रंगरंगोटी निघाली म्हणून तिने एक खोकं घरी आणून बाल्कनीत ठेवलं आणि ती पुन्हा फील्डवर निघून गेली. जूनमध्ये खोकं परत नेलं, दगड बाहेर काढला, आणि बघते तर त्याच्या सपाट अंगावर पांढरी बारीक जाळी! भिंगाखाली धरली तर जाळीत ती चांदणी. जाळीवरचं चूर्ण यंत्रात घातलं, आणि कार्बन एवढा हलका निघाला की तिने यंत्रच बिघडलं असं समजून पुन्हा पुन्हा मोजलं. दगडाच्या पोटातलं चूर्ण मात्र साधंसुधं, समुद्राचं.

तिचे मार्गदर्शक पृथ्वीराज सर. मिशा पीळदार, आवाज खाणीत सुरुंग लावणाऱ्याचा. गेल्या काही वर्षांत मराठी विद्यार्थी इतके आले की सरांना मराठी पूर्ण समजायचं, पण उत्तर ते हिंदीतच देत. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, ते काढेचनात.

"बेटा," ते शेवटी म्हणाले, "ये चटाई है। सूक्ष्मजीवों की चटाई!"

झालं. सरांच्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. समुद्र मागे हटला, चुनखडक उघडा पडला, त्यावर ओलसर जागी जिवाणूंनी चटई विणली, चटई कुजली, तिचा हलका कार्बन दगडाच्या कातडीत उतरला. शंभर कोटी वर्षांपूर्वी, जमिनीवर! आणि ती चांदणी म्हणजे तर आजवर कोणी न पाहिलेली वसाहत. सरांनी तिथल्या तिथे बारसं केलं. आसावरिया.

आपलं नाव दगडावर लागणार म्हटल्यावर कोणाला गुदगुल्या होणार नाहीत? आसावरीलाही झाल्या. पण एक खडा दाताखाली येत राहिला, ऑक्सिजनचा. दगडावर पाऊस पडला असेल तर ऑक्सिजन हलका हवा. हा चांगला भारी होता.

"सर, मतलब, पाणी पावसाचं दिसत नाही. आटलेलं दिसतंय."

"तो सांभर जैसी झील होगी! धूप में पानी सूखता गया।" सरांनी हात असा फिरवला की सांभरचं तळं तिथेच पसरलं.

"पण खाऱ्या तळ्याची बाकी एकही खूण नाही."

"मिलेगी।"

ती मिळाली नाही. आसावरी रात्री उशीवर डोकं ठेवी आणि तो ऑक्सिजन आगाऊ पाहुण्यासारखा उशाशी येऊन बसे. जा म्हणता जाईना.

होता होता दसरा आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीतापुऱ्याच्या मोठ्या सभागृहात देशभरातल्या भूशास्त्रज्ञांसमोर आसावरिया जाहीर व्हायची होती. सर बोलणार, आसावरी आकडे दाखवणार. एकदा का ते नाव भर सभेत घेतलं गेलं, की तोंडातून निघालेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण. म्हणून आदल्या दिवशी, दसऱ्यालाच, सरांना जेवायला बोलावलं होतं. खरं तर सरांनी स्वतःला बोलावलं होतं. गुढीपाडव्याला ते आले होते तेव्हा रत्नप्रभाबाईंच्या, म्हणजे आसावरीच्या आईच्या, श्रीखंडाच्या तीन वाट्या त्यांनी रिचवल्या होत्या आणि तेव्हापासून प्रबंधाचं प्रकरण कितीही वाईट असलं तरी शेवटी "और भाभीजी का श्रीखंड?" एवढं विचारल्याशिवाय ते उठत नसत.

दसऱ्याची सकाळ. दाराला झेंडूचं तोरण, पाटावर पूजा. पुस्तकं, बाबांचं पेन आणि आसावरीचा भूशास्त्राचा हातोडा, त्यालाही हळद-कुंकू आणि फूल. सर आले ते त्या हातोड्याला नमस्कार करूनच आत शिरले. घरून तलवारीची पूजा करून आले होते, तेवढ्यात आणखी एक. बाबांनी त्यांना थेट फोटोसमोर नेलं. फोटो सरांनीच काढलेला, पण बाबांना त्याचं काय!

"समुद्रात पोहायचा," बाबा म्हणाले.

सर सज्जन. "बिल्कुल," म्हणाले.

आसावरी स्वयंपाकघरात गेली. आईचा आवाज चढलेला होता, म्हणजे सण व्यवस्थित चालला होता.

"ये बाई, जरा हात लाव. हा चक्का पुरणयंत्रातून काढ आणि साखर घालून फेट. माझ्या पुऱ्या लाटायच्या आहेत अजून. मिरजेत असते तर दुकानातून चक्का आणला असता नि मोकळी झाले असते. इथे चक्का मागितला तर दुकानदार पिठाच्या गिरणीचा पत्ता सांगतो!"

हे गाऱ्हाणं दर सणाला व्हायचं. जयपुरात तयार चक्का मिळेना, फ्लॅटात पंचा टांगायला खुंटी सापडेना, म्हणून आईने स्वतःची पद्धत बसवली होती. म्हशीच्या दुधाचं घट्ट दही बाबांच्या जुन्या पंच्यात बांधायचं, पुरचुंडी चाळणीत ठेवायची, खाली पातेलं आणि वर वजन. सगळं पाणी निथळून खाली.

आसावरीने पुरचुंडीवरचं वजन उचललं. प्रेशर कुकर होता, पाणी भरलेला, एका बाजूला कललेला.

"कुकर घसरतो मेला," आई पुरी लाटता लाटता म्हणाली. "पाडव्याला तुझा तो करडा दगड कसा चपखल बसला होता! या वेळी आणला नाहीस घरी?"

आसावरीचे हात पंच्याच्या गाठीवरच थांबले.

"कुठला दगड?"

"अगं, खोक्यातला. पाटासारखा. चांगला धुऊन, पुसून ठेवला होता हो, तसाच नाही ठेवला," आईने घाईघाईने खुलासा केला, तिला वाटलं, पोरगी स्वच्छतेचं विचारतेय. "फक्त पाहुणे दारात आले म्हणून चक्का काढून घेतला आणि पंचा दगडाला गुंडाळून पिशवीत कोंबला, बाल्कनीत. मग विसरलेच. मे महिन्यात पंचा सापडेना म्हणून शोधायला गेले तर तिथे! काय वास मारत होता! पंचा धुतला, दगड वाळवून खोक्यात ठेवून दिला. का गं, फुटला का तो?"

आसावरीने हळूहळू गाठ सोडली, पंच्याचे चारही कोपरे मागे टाकले. आत पांढराशुभ्र, घट्ट, गोल चक्का. त्याच्या अंगावर पंच्याच्या विणीची उभी-आडवी जाळी उमटली होती. आणि मधोमध एक चांदणी. एक पाय लांब, एक आखूड, मध्ये गोळा.

तिने पंचा उजेडात धरला. मध्यावर जाड दोऱ्याचं रफू होतं. एक पाय लांब, एक आखूड.

देवा रे, असं ती मोठ्याने म्हणाली की मनात, तिचं तिलाही कळलं नाही. आईने लाटणं खाली ठेवलं.

"काय झालं? नासला का चक्का?"

"आई," आसावरी म्हणाली, "बाहेर भिंतीवर ते जे आहे ना... आसावरिया..."

"हं?"

"ते तुझं श्रीखंड आहे."

आईने चक्क्याकडे पाहिलं. मग दाराच्या फटीतून भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मग पुन्हा चक्क्याकडे. आणि मग पदराचं टोक तोंडाशी नेऊन ती खाली स्टुलावर बसली. कढईतली पुरी तांबूस झाली, मग तपकिरी झाली, तिच्याकडे बघायलाही कोणी नव्हतं.

"पण तो तर शंभर कोटी..." आई म्हणाली.

"पाडव्याचा आहे."

आसावरीच्या डोक्यात मात्र एव्हाना आकड्यांची पळापळ सुरू झाली होती. दह्याचं पाणी आंबट, दगडाला लागलं, दगडाची कातडी विरघळली. मग बंद पिशवीत, ओल्या पंच्यात, उन्हाळ्याच्या उबेत जंतूंनी ते पाणी खाल्लं आणि दगडाची कातडी पुन्हा घट्ट झाली, पंच्याच्या विणीसारखी. हलका कार्बन? दुधातला! आणि ऑक्सिजन... तो आगाऊ, तो निर्लज्ज, इतके महिने उशाशी बसलेला भारी ऑक्सिजन! म्हैस पाणी पिते, उन्हात उभी राहते, घाम आणि श्वास यांतून हलकं पाणी उडून जातं, भारी मागे राहतं, आणि तेच दुधात उतरतं. आटलेलंच होतं पाणी. फक्त तळ्यात नव्हे.

सगळं बसलं. एकही आकडा बाहेर राहिला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आसावरीला आतून थंड वाटलं, अगदी आनंद झाला म्हणा ना, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ लगेच रडू आलं. आज ना उद्या सरांची भर सभेत शोभा झाली असती. आणि सर तरी सावरले असते. त्यांची कातडी चुनखडकाहून टणक. पण बाबा? बाबा बाहेर पेन घेऊन उभे होते. मुलीचं काहीतरी पहिल्यांदाच त्यांच्या हाताला लागलं होतं, आणि आता त्यांच्याकडून ते काढून घ्यायचं होतं.

आई भानावर आली. तिने आधी गॅस बंद केला, मग दार लोटून घेतलं.

"कोणाला कळलंय?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"आत्ता तरी आपल्या दोघींना."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. आण तो चक्का इकडे." आईने पुरणयंत्र पुढे ओढलं. "एकदा यातून गेला, साखर पडली, की कसली चांदणी नि कसलं काय. पंचा मी आजच फरशी पुसायला काढते. तुझे बाबा गल्लीभर सांगत फिरलेत. त्यांचं तोंड बघवणार आहे का तुला?"

खरं सांगायचं तर आसावरीने चक्का उचलला. पुरणयंत्रावर धरलासुद्धा. एक दाब, फक्त एक, की पुरावा वेलची-केशरासकट सरांच्या पोटात गेला असता, तोही तीन वाट्यांमधून. उद्या टाळ्या. परवा वर्तमानपत्रात नाव. आणि त्या दगडाला काय, तो थोडाच बोलणार होता?

पण तोच तर घोटाळा होता. दगड बोलतो, हेच तर ती इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. त्याने बिचाऱ्याने पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं, भारी ऑक्सिजन दाखवून दाखवून. ऐकत नव्हतो ते आपणच. तिला त्या ऑक्सिजनची आता फारच माया वाटायला लागली.

"नाही गं आई," ती म्हणाली. "इतकं चोख उत्तर मला आजपर्यंत मिळालं नव्हतं. मी ते फेटणार नाही."

तिने चक्का ताटात ठेवला, खांद्यावर पंचा टाकला आणि दार उघडलं. मागून आई म्हणाली, "साखर तरी घालून ने!" पण ती आईची सवय होती.

बाहेर सर आणि बाबा अजून फोटोपाशीच होते. आसावरीने ताट बरोबर चौकटीच्या खाली, टीपॉयवर ठेवलं.

"अरे वाह!" सर म्हणाले. मग थांबले. मान वाकडी केली. मग त्यांचा हात आपोआप खिशात गेला आणि भिंग बाहेर आलं. भूशास्त्रज्ञ लग्नाला गेला तरी भिंग घरी ठेवत नाही. ते गुडघ्यावर बसले. भिंग चक्क्यावर. मग उठून भिंग फोटोवर. मग पुन्हा खाली. आसावरीने पंचा उलगडून त्यांच्यासमोर धरला आणि पाडव्यापासून मे महिन्यापर्यंतची सगळी कथा एका दमात सांगून टाकली. आई दारात उभी राहून "धुतलेला होता दगड" एवढं अधूनमधून घालत होती.

सरांच्या मिशीचं एक टोक खाली आलं होतं.

"और ऑक्सीजन?" त्यांनी शेवटी विचारलं. "वो झील?"

"तळं नव्हतं सर," आसावरी म्हणाली. "म्हैस होती."

सरांचा चेहरा लाल झाला. रागाने फुटणार, असं आसावरीला वाटलं, आणि ते फुटलेच; पण जे बाहेर आलं ते हसू होतं. असं तसं नाही, खाणीतलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. "भैंस!" सर डोळे पुसत म्हणाले, "तीन महीने से मैं एक भैंस को झील बोल रहा हूँ! और कल पाँच सौ लोगों के सामने बोलने वाला था!" मग हसता हसताच ते अचानक गंभीर झाले. त्यांनी आसावरीकडे नीट पाहिलं. "तू आज नहीं बताती तो?"

पण आसावरीचं लक्ष बाबांकडे होतं.

बाबांनी चौकट भिंतीवरून उतरवली होती. दोन्ही हातांनी. ते ती खिडकीपाशी घेऊन गेले आणि त्यांची पाठ तेवढी दिसत राहिली. सरांना सांगताना जीभ एकदाही अडखळली नव्हती. आता साधं "बाबा" म्हणता येईना.

"बाबा, सॉरी. मतलब, मला आधीच कळायला हवं होतं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत आणि..."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाशी नेला. मग हात मागे केला. "तो पंचा दे."

तिने दिला. बाबांनी रफूवरून बोट फिरवलं, मग फोटोतल्या चांदणीवरून.

"हा टाका उलटा पडलाय बघ," ते म्हणाले. "तुझी आई तेव्हा मिरजेला गेली होती, तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला. पंचा दाराच्या कडीत अडकून फाटला. मला गाठ मारता येत नव्हती, म्हणून चारी बाजूंनी दोरा फिरवला आणि मध्ये गोळा केला. हा लांब पाय आहे ना, तिथे सुई बोटात गेली होती." ते वळले, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की आसावरी बघतच राहिली. "अगं, हे माझं आहे! मी शिवलंय हे!"

"म्हटलं, एवढं वाईट रफू माझं असूच शकत नाही," आई दारातून म्हणाली.

मग काय, सगळे एकदम बोलायला लागले. सरांनी जाहीर केलं की उद्याचं भाषण रद्द नाही, फक्त वक्ता बदलला: आसावरी बोलेल, आणि दगड साचल्यानंतर त्याच्यात काय काय बदल होऊ शकतात याचा जगतपुऱ्यातला ताजा नमुना दाखवेल. आसावरियाचं नाव रद्द. त्यावर छापायचा पेपरही गेला. मग सरांनी मिशीचं टोक पुन्हा पिळलं आणि विचारलं, "भाभीजी, इसमें चीनी कब पड़ेगी?" आईने चांदणीसकट चक्का पुरणयंत्रातून काढला. पुरावा म्हणून आसावरीने आधी फोटो काढून घेतला होताच.

दुसऱ्या दिवशी सभागृहात ती पंचा घेऊन गेली. लोक हसले, खूप हसले, आणि मग प्रश्न विचारायला लागले, ते वेळ संपली तरी थांबेनात. एक ज्येष्ठ बाई हळूच येऊन म्हणाल्या की आता घरी गेल्यावर त्या स्वतःचा एक जुना नमुना पुन्हा बघणार आहेत. त्यांच्या सासूबाई लोणचं घालतात.

आसावरीचं नाव कुठल्या जीवाला लागलं नाही ते नाहीच. प्रबंधातलं ते प्रकरण तिला पहिल्यापासून लिहायला बसावं लागलं. दिवाळीच्या फराळाला मंडळातली माणसं येणार, तेव्हा तिने बाबांना म्हटलं, "ती चौकट काढून ठेवू का? लोक विचारतील."

"विचारू देत की," बाबा म्हणाले.

माणसं आली. आसावरी आत चकल्या ताटात लावत होती. बाहेर पेन चौकटीच्या काचेवर टेकल्याचा ओळखीचा आवाज झाला आणि तिने सवयीने तोंड उघडलं, दुरुस्ती करायला.

"हा प्राणी नव्हे," बाबा सांगत होते. "हे माझ्या पंच्याचं रफू. दगड खरा शंभर कोटी वर्षांचा, समुद्रात साचलेला. पण त्याची ही वरची कातडी यंदाच्या पाडव्याची. म्हणजे असं बघा, कार्बनची दोन भावंडं असतात, एक हलकं, एक भारी. समुद्रातल्या दगडात त्यांचं प्रमाण ठरलेलं. पण दह्याचं पाणी लागलं, दगड थोडा विरघळला, पुन्हा घट्ट झाला, आणि त्यात दुधातलं हलकं जाऊन बसलं. बघून कोणालाच कळलं नसतं. मलाही नाही कळलं, आणि शिवलं होतं मी! आसावरीने ओळखलं. ती हेच करते. दगड साचला तेव्हा कसा होता आणि नंतर त्याचं काय झालं, ते वेगळं करते."

आसावरी चकलीचं ताट हातात धरून दाराआड उभी राहिली. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.